आम्ही रक्त जुळवायचो

आमच्या घरात पत्रिका नव्हती. कपाटात नव्हती, देव्हाऱ्यात नव्हती, कारण देव्हाराच नव्हता, आणि बोलण्यातही नव्हती. मुहूर्त, गुण, मंगळ, नाडी असला एखादा शब्द कुणी काढला तर आप्पा, म्हणजे माझे वडील, जेवता जेवता थांबायचे आणि बोलणाऱ्याकडे असे बघायचे की पाहुणासुद्धा हातातला घास ताटात ठेवायचा. असोद्याला आमचं दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची ओसरी, भिंतीपलीकडे दुसऱ्याच्या मालकीची केळीची बाग. वारा सुटला की केळीची फाटकी पानं दिवसभर कुणीतरी कागद चाळत असल्यासारखी वाजायची. घरातही कागदच वाजायचे. आप्पांचं मित्रांचं एक मंडळ होतं, ते पत्रकं छापायचं, आणि ती पत्रकं तीन घड्या घालून गठ्ठे बांधायचं काम आमच्याकडे होतं. आई भाकरी थापायची, अक्का, माझी मोठी बहीण, घडी घालायची, आणि मी अंगठ्याच्या नखानं घडी दाबायची. वाचायला मी शाळेत शिकले असं म्हणतात, पण ते खोटं. मी वाचायला पत्रकांवर शिकले. म्हणून माझी वाक्यं अजून अशी आहेत, छोटी आणि भांडायला उठलेली. मी तिशीत आहे. हे आठवणी लिहायचं वय नाही असं मला दोघातिघांनी सांगितलं. म्हातारपणी लिहायला घेतलं की माणूस सगळ्यांना माफ करून बसतं. मला ते करायचं नाही.

आप्पा जळगावच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. बेडूक, झुरळ, सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या हे सगळं त्यांच्या ताब्यात. अकरावी-बारावीच्या मुलांना रक्तगट तपासायचं प्रात्यक्षिक असायचं, त्यासाठी तीन चिमुकल्या बाटल्या असायच्या. एक निळी, एक पिवळी, एक पाण्यासारखी. निळी ए साठी, पिवळी बी साठी, आणि बिनरंगाची ती डी साठी, म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते सांगणारी. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आप्पा त्या बाटल्या बर्फाच्या थर्मासमधून घरी घेऊन आले आणि फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवल्या. आईनं नाक मुरडलं. आप्पा म्हणाले, "यात काही घाण नाही. देवाच्या तीर्थापेक्षा स्वच्छ आहे." मग ओसरीवर पाट मांडून आमची बोटं टोचली. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब, प्रत्येकावर एका बाटलीतला एक थेंब, काडीनं ढवळायचं आणि पट्टी हलकेच हलवत बघायचं. ज्या थेंबात रक्त दह्यासारखं फाटेल, बारीक गुठळ्या होतील, तो तुमचा गट. आप्पा ओ पॉझिटिव्ह निघाले. आई बी निगेटिव्ह, अक्का बी निगेटिव्ह, मी ओ निगेटिव्ह. आम्हा तिघींच्या तिसऱ्या थेंबात काही झालंच नाही, तो तसाच लाल आणि सपाट राहिला. "तिघी दुर्मिळ!" आप्पा ओरडले, जणू आम्ही बोर्डात आलो होतो. आईनं बोट तोंडात धरलं आणि वरणाला फोडणी द्यायला आत गेली.

मंडळाचं एक पत्रक होतं, सगळ्यात जास्त खपलेलं. त्याचं शीर्षक 'पत्रिका फेका, रक्तगट जुळवा'. आत ग्रहांवर दोन परिच्छेद, भटजींवर एक, आणि शेवटी लिहिलं होतं की सुशिक्षित तरुण-तरुणींनी लग्नाआधी एकमेकांचा रक्तगट विचारावा आणि तो जुळतो का ते पाहावं. बस. जुळणं म्हणजे काय, हे त्यात नव्हतं. मी ते पत्रक शेकड्यांनी दुमडलं असेल. आज मीच पत्रकं लिहिते आणि प्रत्येक वाक्य लिहून झालं की स्वतःला विचारते, याच्या पुढचं वाक्य कोण लिहिणार आहे? कारण तुम्ही अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं माणूस आपल्या जुन्या सामानातून काढून जोडतो. आप्पांनी तेच केलं. पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे एकाच कुळात लग्न करत नाहीत. एकच म्हणजे भाऊ-बहीण. वेगळं म्हणजे चांगलं. आप्पांनी कूळ टाकून दिलं, पण त्याचा नियम तेवढा ठेवून घेतला आणि रक्तगटाला लावला. नवरा-बायकोचा गट एकच नसावा, एकच असेल तर पोरं होत नाहीत, झाली तर अधू होतात. हे ते मंडळाच्या बैठकीत सांगायचे, आणि तिथं बसलेले प्राध्यापक, वकील, बँकेतले साहेब माना डोलवायचे. एकानंही विचारलं नाही, की हे तुम्हाला कुणी सांगितलं.

अक्काला पहिलं चांगलं स्थळ आलं ते फैजपूरचं. मुलगा हेमंत, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, सोबत त्याची विधवा आई. आईनं त्या दिवशी भरीत केलं होतं. आमच्या असोद्याची हिरवी वांगी काड्यांच्या जाळावर भाजून, लाकडी बडगीत ठेचून, वर हिरव्या मिरचीचं तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर. हेमंत लाजरा नव्हता. दुसऱ्यांदा भरीत मागून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, म्हशीची नाडी बघून बघून माझ्या हाताला वास राह्यतो, पण तुमच्या मिरचीनं आज सगळा गेला." अक्का आतल्या खोलीत पदर तोंडाला लावून हसली. अक्का घरात क्वचित हसायची. ती हसली की आई हातातलं काम थांबवायची. जेवणं झाल्यावर दोघांना ओसरीवर बोलायला बसवलं आणि मी मधल्या दारात पत्रकं दुमडत बसले, म्हणजे राखणीला. ते काय बोलले? त्यानं विचारलं, तुम्हाला काय आवडतं. ती म्हणाली, गप्प बसायला. तो म्हणाला, मग आपलं जमेल, मला दिवसभर जनावरांशीच बोलायची सवय आहे, ती उलट उत्तर देत नाहीत. अक्का म्हणाली, "मी देईन." एवढंच. पण त्या दोघांच्या आवाजात काहीतरी सैल पडलं होतं, ते मला, शाळकरी मुलीला, कळलं.

मग आप्पांनी विचारलं, "रक्तगट?"

"बी निगेटिव्ह," हेमंत म्हणाला. त्याला पाठ होता, कारण तो रक्तदान करायचा.

आप्पा हळूच म्हणाले, "आमच्या मुलीचाही तोच."

"अरे वा," हेमंतची आई म्हणाली. "म्हणजे जुळला."

"जुळला नाही, ताई. तोच निघाला," आप्पा म्हणाले. "मुळात हा गट हजारो माणसांत शोधावा लागतो. इतका दुर्मिळ गट, आणि दोघांचाही एकच? म्हणजे मागं कुठंतरी आपलं रक्त एक असणार. हे तर भावाला बहीण दिल्यासारखं होईल. मी विज्ञानाचा माणूस आहे. मला हे चालणार नाही."

हेमंत काहीतरी बोलायला गेला. त्याच्या आईनं त्याचा हात दाबला आणि चपला शोधायला लागली. उंबऱ्याशी उभी राहून ती आप्पांना जे बोलली ते मी विसरलेले नाही. "भाऊ, पत्रिकेत खोट निघाली असती ना, तर भटजीनं शांत करून दिली असती. तुमच्या रक्ताची शांत कुठं करायची, ते तरी सांगा." आप्पांना राग आला. ते म्हणाले, हाच तर फरक आहे, विज्ञानात शांत नसते. खरं होतं ते. शांत नसतेच. आई ताटं उचलत होती. तिनं एकदाच म्हटलं, "पोरगं चांगलं होतं." आप्पा म्हणाले, "चांगलं आहे म्हणूनच वाईट वाटतं." अक्का काही बोलली नाही. उलट उत्तर देईन म्हणाली होती, ते त्याला. आप्पांना उलट उत्तर द्यायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. आम्ही बुवाबाजीविरुद्ध घसा फाडून घोषणा द्यायचो, आणि घरात जेवायला बसल्यावर आप्पांच्या आधी घास घ्यायचो नाही.

धुळ्याकडचं स्थळ पुढच्या वर्षी आलं. प्रवीण, आमचे दाजी, तेलाच्या गिरणीत फिटर. शांत, पापभीरू, आईच्या शब्दाबाहेर नसलेला माणूस. गट ओ पॉझिटिव्ह. आप्पांनी खात्रीसाठी बाटल्या थर्मासमधून धुळ्याच्या त्या खेड्यात नेल्या आणि पाहुण्यांच्या देखत जावयाचं बोट टोचलं. दाजींची आई, गावात सगळे तिला जिजी म्हणतात, हसून हसून बेजार झाली. "आमना पोऱ्याले पहाले उनात का त्यानं रगत काढाले उनात?" तिसऱ्या थेंबात गुठळ्या झाल्या तेव्हा आप्पांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी पुन्हा पाहिला नाही. "वेगळा गट. आणि पॉझिटिव्ह. घरात कुणीतरी पॉझिटिव्ह पाहिजेच होतं." विहारात साध्या पद्धतीनं लग्न लागलं. मुहूर्त नाही, हुंडा नाही, बँड नाही. मंडळाच्या लोकांनी आदर्श विवाह म्हणून भाषणं केली. भाषणात रक्तगटाचा उल्लेख आला आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, अक्का स्टेजवर मान खाली घालून बसली होती. इथं मला थांबून स्पष्ट सांगायचं आहे, कारण पुढं जे झालं त्याला लोक नशीब म्हणतात. फैजपूरच्या मुलाशी लग्न झालं असतं तर अक्काची सगळी मुलं निगेटिव्ह झाली असती आणि तिला काडीचा त्रास झाला नसता. दोघं निगेटिव्ह असणं हाच तिच्यासाठी सगळ्यात सुरक्षित जोडा होता. आम्ही तो विज्ञानाच्या नावाखाली मोडला.

पहिलं बाळंतपण माहेरी. आई महिनाभर आधीपासून डिंक निवडत बसायची, खारकांची पूड करायची, घरात तुपाचा आणि बाळंतशोपेचा वास भरून राहिला होता. जळगावच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात अक्का सुखरूप बाळंत झाली. मुलगी. आम्ही तिला मिनू म्हणतो. गुलाबी, रडकी, मूठ घट्ट मिटलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले होते, आप्पा आणि दाजी कॉटशेजारी उभे होते, तेव्हा सिस्टर आली.

"बाळाचा गट आला. बी पॉझिटिव्ह. आई निगेटिव्ह आहे, म्हणून हे इंजेक्शन आणून द्या. तीन दिवसांच्या आत द्यावं लागतं. अँटी-डी."

आप्पा हसले. खरोखर हसले. "सिस्टर, ही बाटली मी वीस वर्षं हाताळतोय. माझ्या फ्रिजमध्ये आहे."

"तुमच्या फ्रिजमध्ये?"

"कॉलेजची. रक्त तपासायची. काचपट्टीवर टाकायची असते ती, माणसाला टोचायची नसते. पॉझिटिव्ह रक्ताच्या गुठळ्या करते ती. डोळ्यांनी बघतो मी. तुम्ही माझ्या मुलीच्या अंगात गुठळ्या करणार?"

"काका, तुमची मुलगी निगेटिव्ह आहे. तिच्या रक्ताच्या कशाला होतील?"

"मग होणारच नसतील तर उपयोग काय त्याचा?" आप्पा म्हणाले आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, बैठकीत एखाद्या बुवाला कोंडीत पकडल्यावर मिचकावायचे तसे. "बघा, दोन्हीकडून तुम्हीच अडकलात."

सिस्टर दाजींकडे वळली. दाजी म्हणाले, "आप्पा म्हणतील तसं." डॉक्टर फेरीला आले, दुसरीकडे एक बाई कळा देत होती, ते दारातूनच म्हणाले, "नाही घेतलं तर पुढच्या वेळी त्रास होऊ शकतो, मी सांगितलं आहे हां." आप्पांनी तेही सोडलं नाही. "पुढच्या वेळी! आत्ता सगळं ठणठणीत आहे, आणि हे पुढच्या वेळचं भय दाखवून महागडी औषधं खपवतात. यावर आपलं पत्रक आहे." होतंच पत्रक. अनावश्यक इंजेक्शनं नाकारा. तेही मी दुमडलं होतं, आणि ते पत्रक चुकीचं नव्हतं, हे आणखी वाईट. अक्का मिनूला पाजत होती. तिला कुणी विचारलं नाही. तिच्या दंडाला टोचायचं होतं ते इंजेक्शन, आणि बोलणं चाललं होतं तिच्या डोक्यावरून, दोन पुरुष आणि एक सिस्टर यांच्यात.

ते इंजेक्शन काय करतं हे आता मी सभेत असं सांगते. बाळ जन्मताना त्याच्या रक्ताचे चार थेंब आईच्या अंगात शिरतात. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह, तर आईच्या अंगाला ते थेंब परके वाटतात आणि ते त्यांच्याविरुद्ध हत्यारं तयार करून ठेवतं. पहिलं बाळ तोवर बाहेर आलेलं असतं, त्याला काही होत नाही. हत्यारं मात्र आत राहतात, आयुष्यभर. पुढचं पॉझिटिव्ह बाळ पोटात राहिलं की ती त्याच्यावर चालतात. इंजेक्शन एवढंच करतं, की ते चार थेंब आईच्या अंगानं पाहायच्या आधीच गुंडाळून टाकतं. म्हणजे आप्पांच्या बाटलीतली ताकदच ती, गुठळ्या करणारी, पण तिचा घाव अक्कावर नव्हता, आत चुकून आलेल्या त्या परक्या थेंबांवर होता. हे सांगायला मला किती वेळ लागला? त्या दिवशी त्या खोलीत कुणाकडेही तेवढा वेळ नव्हता.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा अक्का सासरी होती. पहिलं सुखरूप झालं, म्हणून जिजीनं सातव्या महिन्यापर्यंत दवाखान्याची वाट धरू दिली नाही. कापूस वेचायचे दिवस होते, अक्काही वावरात जायची. मग बाळाची हालचाल मंदावली. दाजींनी तिला धुळ्याला नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि लगेच दाखल करून घेतलं. दुपारी दाजींचा फोन आला. आम्ही तिघं, आई, आप्पा आणि मी, मिळेल त्या एसटीनं निघालो. एरंडोल, पारोळा, रस्ताभर कापसाच्या गाड्या, वाऱ्यावर उडून बाभळींना अडकलेला कापूस. आई मिनूसाठी घेतलेलं झबलं मांडीवर ठेवून त्याची घडी मोडत होती आणि पुन्हा घालत होती. आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार तर पस्तीस. त्यांनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. "पहिल्या वेळी अँटी-डी दिलं नव्हतं?"

दाजी खाली बघायला लागले. आप्पा म्हणाले, "मी नको म्हटलं होतं."

एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहीन. ते खोटं बोलले नाहीत आणि दुसऱ्याचं नाव घेतलं नाही. बाई म्हणाल्या, "बाळाचं रक्त पोटातच फुटतंय. आज रात्रीच्या आत काढावं लागेल. जन्मल्यावर त्याचं सगळं रक्त बदलायचं, थोडं थोडं काढून थोडं थोडं नवं भरायचं. ओ निगेटिव्ह लागेल, ताजं. इथं आत्ता नाही. शोधा."

"मी आहे ना," मी म्हणाले. मी अठरा पूर्ण केली होती. मला आठवतं, मला त्या क्षणी जवळजवळ आनंद झाला. त्या ओसरीवरच्या तिसऱ्या सपाट थेंबाचा काहीतरी उपयोग होता तर! रक्तपेढी पलीकडच्याच गल्लीत होती. तिथल्या माणसानं आधी मला काट्यावर उभं केलं, भुवई वर केली, मग बोट टोचून रक्ताचा थेंब एका निळ्या पाण्याच्या ग्लासात सोडला. रक्त चांगलं असेल तर थेंब सरळ तळाला जातो. माझा थेंब पाण्याच्या मधोमध लटकला आणि हळूहळू वर यायला लागला. "ताई," तो माणूस म्हणाला, वाईट हेतूनं नाही, दमलेल्या माणसाची गंमत होती ती, "तुमचं घेण्यापेक्षा तुम्हालाच एक बाटली लावावी लागेल. घरी जेवत नाही का?" मी त्याला सांगणार होते की आमच्या घरात विषमतेविरुद्ध पत्रकं निघतात. पण दूध आप्पांना, दुसरी वाटी वरण आप्पांना, आणि खरवड आम्हा तिघींना, हेही त्याच घरात होतं. आप्पा दारात उभे राहून त्या निळ्या ग्लासाकडे बघत होते. त्यांना तो ग्लास समजत होता. त्यांच्याच प्रयोगशाळेत असले ग्लास होते.

बाळ संध्याकाळी काढलं. मुलगा. काचेच्या पेटीत ठेवला होता. पोट फुगलेलं, अंग सुजलेलं, आणि रंग बघता बघता हळदीसारखा होत गेला. मी त्याच्याइतकं पिवळं माणूस पाहिलेलं नाही. दाजी आणि त्यांचे मित्र फोनवर फोन करत होते. रक्त शेवटी नाशिकहून गाडीनं निघालं. ते येईपर्यंत आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. जिजी समोर उकिडवी बसली होती. तिला राहवलं नाही. "आमना घरमा असं कधी व्हयनं नही. मना पाच पोऱ्या व्हयनात, बठ्ठा धट्टाकट्टा. तुमनी पोरनं रगतच खराब शे. तुम्ही तर तपाशी तपाशी दिन्ही व्हती ना?"

शेवटचं वाक्य तिनं आप्पांना उद्देशून म्हटलं. आप्पा उठले, डॉक्टरीणबाईंच्या खोलीच्या दाराशी गेले आणि उभ्यानंच विचारलं, "मॅडम, दोघंही निगेटिव्ह असते तर?"

"कोण दोघं?"

"नवरा-बायको."

"मग काही प्रश्नच नव्हता," बाई समोरचं लिहिता लिहिता म्हणाल्या. "इंजेक्शनसुद्धा लागलं नसतं." मग मान वर करून, "का?"

"नाही. सहज," आप्पा म्हणाले.

रक्त आलं. बदलायला सुरुवात झाली. बाईंनी आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी जीव तोडून प्रयत्न केले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि इतर ठिकाणी डॉक्टरांवर कितीही कडक लिहीत असले तरी इथं लिहिणार नाही. उशीर झाला होता, आणि तो त्यांच्यामुळे झाला नव्हता. सकाळी, दवाखान्यात झाडलोट चालू असताना, बाळ गेलं.

आईला काचेतून बाळ दाखवलं होतं तेव्हा ती एकदाच पुढं झाली होती आणि मग सरळ पायऱ्यांवर जाऊन बसली होती. मी आणि आप्पा तिला सांगायला गेलो. तिनं सांगू दिलं नाही. तिला कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा 'अहो' न म्हणता, थेट ती आप्पांना म्हणाली:

"असाच होता तो पन."

"कोण?" आप्पा म्हणाले.

"तुमचा पोरगा. या बारकीच्या आधीचा. हळद लावल्यावानी पिवळा. तुमची माय म्हने कावीळ शे, गळ्यात माळ घाला. तुम्ही माळ तोडून फेकली, मले म्हने अंधश्रद्धा नको. चांगलं केलं, फेकली ते. पन मंग कोनाले दाखवलंबी नही. माळ नही, डॉक्टर नही. तो माह्या मांडीवर गेला. आन् वैशालीच्या आधी जे पडलं होतं, तेबी तुम्ही विसरले." वैशाली म्हणजे अक्का, बारकी म्हणजे मी. "तुम्ही साऱ्यांचं रगत पाह्यलं. माह्यं पाह्यलं. निगेटिव्ह म्हने, दुर्मिळ म्हने. तवा एकदा तरी इचारायचं मले, का वो, तुह्यी पोरं कशानं गेली?"

आप्पा पायरीच्या कठड्याला धरून उभे होते. समोर धुळ्याचा रस्ता जागा होत होता, रिक्षावाले एकमेकांना हाका मारत होते, कुणीतरी हातगाडीवर पोह्यांची कढई ठेवत होतं. डॉक्टरीणबाई घरी जायला म्हणून बाहेर आल्या होत्या, त्यांनी हे ऐकलं. त्या जाऊ शकल्या असत्या. पर्स कडेला ठेवून आईच्या शेजारी त्याच पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, सांगा मला. पहिल्यापासून." आणि आईनं सांगितलं. किती महिन्यांचं पडलं, तिला कुठं नेलं होतं की नव्हतं, मुलगा जन्मला तेव्हा केवढा होता, दूध ओढत होता का, पिवळा कधी झाला. बाई मधूनमधून विचारत होत्या, आई आठवून आठवून सांगत होती. कुणी तिला हे विचारेल याची ती किती वर्षं वाट बघत होती, ते तिच्या बोलण्याच्या वेगावरून कळत होतं. शेवटी बाईंनी विचारलं, "नाव ठेवलं होतं?"

"ठेवलं होतं," आई म्हणाली. "मनातल्या मनात. प्रकाश."

मला एक भाऊ होता. त्याचं नाव मला त्या पायरीवर कळलं, आणि आप्पांनाही. आणि बाईंनी माझ्याकडे वळून माझा गट पुन्हा एकदा विचारला तेव्हा मी तो सांगितला, आणि त्यांनी फक्त मान हलवली. त्यांना ते बोलून दाखवायचं नव्हतं, पण मी बारावीला जीवशास्त्र घेतलं होतं. हत्यारं आईच्या अंगात माझ्याही वेळी होतीच. माझं रक्त त्यांना परकं वाटलं नाही, एवढंच. माझ्या भावात आणि माझ्यात फरक होता तो तेवढा. बाकी कुणाचं काही कर्तृत्व नव्हतं, कुणाच्या नवसाचं नाही आणि आप्पांच्या विज्ञानाचं तर नाहीच नाही.

दाजी बाळाला कापडात घेऊन बाहेर आले. आप्पा पुढं झाले आणि हात पसरले. आई उठली, आप्पांच्या आणि दाजींच्या मधे उभी राहिली आणि बाळ स्वतःकडे घेतलं. मग, अक्का आत वॉर्डात होती ती सोडून, आम्ही सगळे बाळाला माती द्यायला तिच्या मागून चालायला लागलो.